घेतलं, पण दिलं नाही

नको असलेल्या वस्तूंची अदलाबदल करायचं ॲप तिने चार महिने राब राब राबून डिझाइन केलं होतं. साहेबांनी प्रत्येक स्क्रीनवरून तिचं नाव काढून आपलं टाकलं आणि वर बजावलं, "मीटिंगला मागे बस. मध्ये तोंड घालू नकोस." तिने मुकाट्याने मान डोलावली, पण आतून ती धुमसत होती.

मीटिंगमध्ये साहेब अगदी रंगात आले. तेवढ्यात ॲप बनवून घेणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "समजा, समोरच्याने माझी वस्तू घेतली आणि स्वतःची दिलीच नाही, तर?"

साहेबांचे सगळे स्क्रीन उलटेसुलटे चाळून झाले, दोनदा घाम पुसून झाला. शेवटी त्यांनी मागे वळून पाहिलं. "अगं, सांग ना बाईंना!"

"मी काय सांगणार, सर? डिझाइन तुमचं आहे," ती साळसूदपणे म्हणाली.



"राहू द्या, उत्तराचे स्क्रीन परवाच माझ्याकडे आलेत," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "आणि तुम्हाला हा प्रश्न विचारा, असंही हिनेच कळवलं होतं."