डाव्या फाट्यावरची पाटी

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगराळ मुलखात, नदीकाठी भाड्याने होड्या देणाऱ्या व्हर्ना मावशींनी नदीच्या डाव्या फाट्यावर ‘पुढे विषारी साप’ अशी पाटी ठोकून तिथला माशांचा डोह कित्येक वर्षे केवळ आपल्या गळासाठी राखला होता. पर्यटक वाढवण्याच्या ध्यासाने काउंटीचा नवा अधिकारी एल्डन पाटीची शहानिशा करायला एकटाच होडी वल्हवत आत शिरला, तेव्हा मावशींनी डोहाची आशाच सोडली.

तो परतला तो थेट संध्याकाळी.

“काय रे, दिसला का एखादा साप?” मावशींनी चाचरत विचारले.

“मावशी, ती पाटी बदलावीच लागणार,” फडफडणारी ओली पिशवी पाठीमागे लपवत एल्डन म्हणाला. “अक्षरं फारच बारीक आहेत. आणि नुसत्या सापांना कोण भितंय? अस्वलंही घालू!”