सोळावा पैलू

ब्याऐंशी साली, घाटकोपरला रामनाथच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दशरथकाका नलिनीबाईंनी विकायला आणलेलं काचेचं भांडं पारखत होते. कडा बोटाला बोचत होत्या, म्हणजे पैलू हाताने पाडलेले. तळ वर्षानुवर्षं फळीवर घासून धुरकटलेला. लाल थर कापून खालची पांढरी काच काढलेली, ही युरोपातल्या बोहेमियाची रीत.

"काका, पारखीच्या चिठ्ठीवर मशीनचं लिहा ना. बाई स्वस्तात देऊन जाईल," रामनाथ कुजबुजला.

काका जन्मभर मान डोलावत आले होते. आताही डोलावली. सोळा पैलूंत त्यांचे सोळा चेहरे होते. पंधरांनी मान डोलावली. सोळावा हलला नाही.

काका त्या सोळाव्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'बोहेमिया. शंभर वर्षांचं.'

"उद्यापासून येऊ नका," रामनाथ म्हणाला.

"नाही येणार."

रामनाथने भांड्याकडे हात नेला. सोळाव्याची नजर काकांवरून हटली आणि त्या हातामागे सरकू लागली.