हातभर खाली

सदाशिवराव अवघड वाटेनं घळीच्या तळाशी सुखरूप उतरले, टाळ्या झाल्या, गळ्यात हार पडला. आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. कचेरीच्या फळ्यावर सहलीचं वृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, त्यात तसं होतं, एवढंच.

घडलं ते असं, की सदाशिवराव लटकले होते.

हिंगणीच्या पलीकडे बोरच्या जंगलात ही घळ. प्रेमदास नावाचा तिथला तरणा गडी पहाडात जाऊन दोराचं काम शिकून आला होता आणि हौशी लोकांना घळीतून खाली नेत होता. त्याच्या वाटा तीन. नवख्यांना कडेच्या दगडांवरून, थोडंफार जमतं त्यांना पाण्यातून घसरत, आणि ज्यांना खरंच येतं त्यांना कड्यावरून दोरानं. कोणाची वाट कोणती, हे तो विचारून ठरवायचा. झाडावर चढता का, पोहता का, चक्कर येते का.

वर्ध्याची कचेरी सहलीला आली तेव्हा त्यानं साहेबांनाही हेच विचारलं. सदाशिवरावांना त्याची कीव आली. सरकारात इतकी माणसं खुर्चीवर बसतात, त्यांना कधी कोणी काम येतं का म्हणून विचारतं? त्यांनी उभ्याउभ्या आदेश दिला. शिपाई सोप्या वाटेनं, बाबूलोक मधल्या, अधिकारी अवघड. अधिकारी एकच होता. शिपाई कवडू, जो चिंचेच्या शेंड्यावर बसून बिडी ओढायचा, तो लेकराबाळांच्या वाटेनं गेला. बडेबाबू ओमप्रकाश, ज्यांना बादलीतल्या पाण्याचीही धास्ती, ते प्रवाहात गेले आणि रामरक्षा म्हणत, एक चप्पल गमावून बाहेर आले. शिस्त म्हणजे शिस्त.

मग झाडाचा प्रश्न निघाला. कड्याच्या तोंडाशी एक दणकट झाड होतं, पण त्याला बाबूलोकांचा हातदोर आधीच बांधलेला. ज्या झाडाला कारकून, त्याच झाडाला आपण, हे सदाशिवरावांना पटेना. त्यांनी मागचा साग पसंत केला. सरळ, उंच, एकटा. प्रेमदास म्हणाला, तिथून दोर पुरणार नाही. साहेब म्हणाले, पुरवा.

दोर पुरला नाही. साहेब कमरेला गाठ, पोटावर वेढे, अशा थाटात कडा उतरत आले आणि तळ हातभर राहिला असताना शिंक्यातल्या गाडग्यासारखे थांबले. खाली गुडघाभर पाणी. त्यांचे बूट पाण्यापासून इतके जवळ, की एक बेडूक येऊन तळव्यांकडे बघून गेला.

वजनानं गाठ आवळली होती, ती सुटेना. वरून प्रेमदासनं सुचवलं, सगळ्यांना वर बोलावून तुम्हाला ओढून घेतो, मग सोप्या वाटेनं या. साहेबांनी ऐकलंच नाही. तेवढ्यात कवडू पाण्यातून चालत आला आणि त्यांच्या बुटांपुढे घोड्यासारखा ओणवा झाला.

"साहेब, माह्या पाठीवर पाय द्या. भार कमी झाला का गाठ सुटते."

सदाशिवरावांनी त्या पाठीकडे पाहिलं. पाठ चांगली रुंद होती. पण आज हिच्यावरून उतरलो, तर सोमवारी घंटी वाजवल्यावर आत येणार तो हाच. चहा आण म्हटलं तरी त्याला ही पाठ आठवणार. मग कचेरीत आपल्याला साहेब म्हणायला उरलं कोण?

"तू कोणत्या वाटेनं आलास?" त्यांनी विचारलं.

"सोप्या. तुमीच तं धाडलं."

"मग इकडे काऊन आला? हा भाग अधिकाऱ्यांचा आहे."

कवडू सरळ उभा राहिला. क्षणभर दोघांची तोंडं समोरासमोर आली. साहेबांचं किंचित खालीच होतं, कारण ते आता पुढे झुकू लागले होते. कवडूनं त्यांना एका बोटानं हलकेच ढकलून सरळ केलं आणि तो जेवायला निघून गेला.

खडकावर साहेबांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी डबे उघडले होते. नवरा कुठेतरी अडकून बसतो, मग त्याला कोणी सोडवायचं नसतं, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

"तुमाले यायचं असन तं या, नाईतं राहा," त्या म्हणाल्या. "बेसनाची पाटोडी थंडी होऊन राह्यली. मी वाढून देतो सगळ्याइले."

साहेबांसमोर आधी जेवावं की नाही, असा बडेबाबूंना पळभर प्रश्न पडला. मग सगळे साहेबांकडे पाठ करून बसले, म्हणजे साहेब समोर नव्हते. वरून प्रेमदासही उतरून आला. कोणत्या वाटेनं ते कोणी विचारलं नाही. हळूहळू वाऱ्यानं सदाशिवरावांचं तोंड कड्याकडे फिरलं, आणि कड्याला उद्देशून त्यांनी बडेबाबूंना हाक मारली. अर्ज लिहून घ्या म्हणाले.

ओमप्रकाश हात धुऊन एका चपलेनं आले. अर्ज कोणाच्या नावे करायचा, त्यांनी अदबीनं विचारलं. पाणी पाटबंधारे खात्याचं, दगड वनखात्याचा.

"दोघांनाही," साहेब म्हणाले, आणि घसा साफ करून, शब्द तोलून, सांगू लागले:

"सबब, सदर घळीचा तळ लोकहितार्थ हातभर वर उचलण्यात यावा, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत निम्नस्वाक्षरीकार खाली पोचलेलेच आहेत असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."