दोऱ्याचा गुण

तोंडातली चोखणी सारखी खाली पडते म्हणून सासूबाईंनी ती काळ्या दोऱ्यात ओवली आणि दोरा बाळाच्या गळ्यात बांधून टाकला.

"आई, झोपेत आवळला तर? डॉक्टर नको म्हणाल्यात," मंजिरी चाचरत म्हणाली.

"आमची पोरं नाही का वाढली? दृष्टीचा दोरा आहे तो, सोडलेला चालायचा नाही!"

बाळ झोपलं. मंजिरीनं दोरा आणि गळा यांच्यामध्ये बोट सरकवलं नि तशीच कुशीवर पडून राहिली. घशाला कोरड पडली, पाण्याचा तांब्या हाताला येईना. डोळे मिटायला लागले, बोटाला मुंग्या आल्या. पण ते काढायचा धीर होईना.

चहाच्या वेळी सासूबाई दारातूनच डोकावल्या आणि कौतुकानं हसल्या.

"बघ, कसं निवांत झोपलंय! दोऱ्याचा गुण. आता रात्रीही राहू दे."