पाणी कुठून येतं

दिगंबररावांच्या डोळ्यांतून रोज दुपारी चारच्या सुमाराला पाणी येई. पक्षाघाताने ते दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, ना बोलणं ना हालचाल. पश्चिमेच्या उन्हाचा त्रास होत असेल म्हणून कुमुदताईंनी खिडकीला जाड पडदा लावला होता, शिवाय न चुकता त्या डोळ्यांत थेंब घालत.

आठवडाभर दिगंबररावांच्या डोक्यावर असलेली, मेंदूतल्या हालचाली टिपणारी तारांची टोपी डॉक्टर मिरजकरांनी आज उतरवली.

"जुन्या यंत्रांत मेंदूचे दोन भाग एकदम उजळलेले दिसायचे. कुणी कुणाला जागं केलं, ते कळायचं नाही. आता कुठून कुठे गेलं ते दाखवणारे बाण दिसतात," ते म्हणाले. "डोळ्यांना काही झालेलं नाही, ताई. बाण कानाकडून निघतो, अर्थ लावणाऱ्या भागात जातो आणि मग पाणी येतं. त्यांना सगळं समजतं. चार वाजता तुम्ही काय करता?"

कुमुदताईंनी पदर तोंडाशी धरला. चारला लेकीचा फोन यायचा. याच खाटेच्या कडेला बसून त्या तिला रोज सांगायच्या, "देवाने आता यांना सोडवावं गं. मीही सुटेन."

डॉक्टर गेल्यावर त्यांनी पडदा बाजूला सारला आणि नवऱ्याचा हात हातात घेतला.

"अहो," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात लेकीचा चारचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने तो बंद केला.

तरी दिगंबररावांच्या डोळ्यांतून पाणी आलंच.