पाठीला पसंत

निवृत्त मेकॅनिकच्या अंगणात उद्या ताडपत्रीचं तयार गॅरेज उभं राहणार होतं. आज त्यात खाली काय अंथरायचं ते निवडायचं होतं, आणि सकाळपासून मेकॅनिकला दम म्हणून निघत नव्हता. दुकानात फळ्या, खडी, रबरी चटई असं जे जे मांडलेलं होतं, त्या प्रत्येकावर तो उताणा झोपून हवेतले बोल्ट आवळून बघत होता. बायको दाराशी पाठ फिरवून उभी होती, जणू हा माणूस तिच्या ओळखीचाच नाही.

"काका, लोक चालून बघतात," दुकानदार म्हणाला.

"चालायचंय कुणाला? मला गाडीखाली झोपायचंय." चटईवर पाठ टेकताच तो खुलला. "हीच द्या. टोचत नाही, गार लागत नाही."

"मग चाकांखाली सिमेंटचे ब्लॉक टाकू आणि मधे तुमच्यापुरती चटई. दोन फूट रुंद पुरेल."

बायकोने पर्स काउंटरवर ठेवली, चपला काढल्या आणि सरळ नवऱ्याशेजारी आडवी झाली.

"चार फूट कापा," ती छताकडे बघत म्हणाली. "तीस वर्षं गाडीबाहेर उकिडवी बसून ह्यांना पाने-पकडी देतेय मी. आता पाने हे देतील."