जाड कानांची सीट

कालिपाने सीटच्या कानावर एक बुक्की हाणली. मग आपल्याच मुठीकडे बघून नापसंतीने मान हलवली. "हा तर नुसता कापूस," ती दुकानदाराला म्हणाली. "पुढची दाखव."

दामिर हसत हसत पुढची काढायला गेला. बाईने निम्मं दुकान बुकलून काढलं होतं. गाडीत लहान मुलांसाठी बसवायच्या सीटला डोक्याच्या दोन्ही अंगांना जाड कड असते, तिला तो कान म्हणायचा. गाडीला कुणी बाजूने ठोकलं तर धक्का त्या कानांनी खायचा, बाळाच्या डोक्यापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढं त्याने तिला समजावलं होतं. पण तेवढ्यावर भागतंय कुठलं! कान पोकळ आहेत का, आत काय भरलंय, खांद्यापर्यंत का येत नाहीत, तिचं चालूच होतं.

तिची सून बेगायिम दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. सहा महिन्यांचा आक्तान तिच्या मांडीवर झोपला होता. बाहेर पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता. जून लागला की अख्ख्या बिश्केक शहरभर तो असाच तरंगत असतो. उघड्या दारातून सावकाश आत येऊन तो रिकाम्या सीटांवर अलगद टेकत होता. कित्येक दिवस बेगायिमची झोप झाली नव्हती. तिला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. रांगेने मांडलेल्या त्या सीटा तिला मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या वाटल्या. सगळ्याजणी हात पसरून आक्तानला मागत होत्या. तिने पोराला आणखी जवळ ओढलं.

रविवारी घाट ओलांडून सासरच्या गावी जायचं होतं. नातवाच्या नावाने मेजवानी होती, घोडी कापायची ठरली होती. मेजवानीनंतर काय, ते कुणी बोलत नव्हतं; पण न बोलताही तिला ते ठाऊक होतं. पहिला नातू आजी-आजोबांचा. तो त्यांच्यापाशी वाढतो, त्यांनाच आई-बाप म्हणतो. तिचा नवरा तालान्त असाच आजीच्या घरी वाढला होता, आणि आपल्या जन्मदात्या आईला, या कालिपाला, तो आजही ताई म्हणायचा. कालिपाची मांडी तेव्हा रिकामी झाली होती. आता मागायची पाळी तिची होती. आणि तिला नाही कुणी म्हणायचं, कुठल्या तोंडाने? सासू आल्यापासून बेगायिम मुकाट्याने चहा ओतत होती, मान खाली घालून वाढत होती.

तालान्तला कंटाळा आला होता. ताई, बस की आता, म्हणाला. एकदा घाटातून जायचं, त्याला साधी छोटी सीट पुरे. पुढे गावात कोण सीट बांधतंय? सगळी पोरं मांडीवरच बसतात.

बेगायिमलाही छोटीच हवी होती. छोटी वर्षभरात अपुरी पडते. वर्षभरात काहीही होऊ शकतं. सासूचे गुडघे दुखायला लागतील, पोराचं रडणं सोसणार नाही, आणि एक दिवस ती त्याला परत आणून देईल. अशा वेड्या आशेवर बेगायिम तग धरून होती.

कालिपाने दोघांकडे लक्षच दिलं नाही. बाजूने ठोकतात म्हणजे नेमकं कुठे ठोकतात, असं तिने दामिरला विचारलं. तो म्हणाला, चौकात. एकाला सिग्नल मिळालेला असतो, दुसऱ्याला घाई असते, तो येतो आडवा. तालान्तनेही त्याला दुजोरा दिला. त्यांच्या इथल्या घराखालच्या चौकात दर थोड्या दिवसांनी कुणाचं तरी दार चेपायचंच.

"मग सगळ्यात जाड कानांची काढ," कालिपा म्हणाली.

ती सीट मोठी होती. कालिपाने बुक्की मारली नाही. वाकून आपलं रुमाल बांधलेलं डोकं तिने त्या दोन कानांच्या मध्ये टेकवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच राहिली. तिच्या पाठीवर कापूस बसत राहिला. उठली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

ही त्याला शाळेत जाईपर्यंत पुरेल ना, तिने विचारलं. पुरेल, दामिर म्हणाला.

बेगायिमने मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. शाळेत जाईपर्यंत! म्हणजे पहिलं पाऊल तिकडेच टाकणार, पहिला शब्द तिकडेच बोलणार, आणि आपल्याला ताई म्हणणार. आपण उठून उभ्या राहिलोय, हे तिला उभं राहिल्यावर कळलं.

"आई," ती सासूला म्हणाली, "ही सीट कुणाच्या गाडीत बसवायची?"

सुनेने असं तोंडावर विचारायचं नसतं. तालान्त आपल्या बुटांकडे बघायला लागला. दामिर उगाच पट्टे सरळ करत बसला.

कालिपा सुनेजवळ आली. झोपलेल्या नातवाच्या कपाळावर बसलेला कापूस तिने बोटाने हळूच उचलला.

"आमच्या गावाला एकच रस्ता आहे, पोरी. ना चौक, ना सिग्नल. तिथं आडवं येऊन त्याला कोण ठोकणार? पोर इथं तुझ्यापाशी वाढणार, म्हणून तर इतकं पारखून घेतेय."